नाण्यावरची विजयमुद्रा

शत्रूचा मुलूख जिंकल्याची वार्ता प्रजेला कळवावयाची कशी? वर्तमानपत्रे नव्हती, त्या काळी राजेलोकांनी हे काम नाण्यावर सोपविले. कारण नाणे हातोहाती फिरते.

रोमचा बादशहा व्हेस्पेशियन याच्या फौजेने इ. स. ७० मध्ये जेरुसलेम घेतले. लगेच ७१ साली तांब्याच्या मिश्रधातूची मोठी नाणी निघाली. त्यांवर खजुराचे झाड, त्याखाली शोक करीत बसलेली स्त्री आणि ‘जुडिया जिंकला’ या अर्थाची लॅटिन अक्षरे. ती स्त्री म्हणजेच जिंकलेला प्रांत.

आपल्याकडे असे चित्र सापडत नाही. पण विजयाची साक्ष नाण्यावर आहेच. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. ती क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या चेहऱ्यावरच त्याचे नाव उमटले! चांदी तीच, वजन तेच, मालक मात्र बदलला. नाणी आटविण्याचा खर्च वाचला आणि राज्य कोणाचे हेही बाजारात सर्वांस कळले.

मग जिंकलेल्या प्रांतांची नावे कोठे आहेत? ती दगडावर आहेत. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेण्यात नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी लेख कोरविला. त्यातील प्रदेशांच्या यादीत अपरान्त, सुराष्ट्र यांच्याबरोबर आपला विदर्भही आहे.

हे नाव पोकळ बढाई नव्हते, असे मानावयास आपल्या चांदा जिल्ह्यानेच आधार दिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे सातवाहनांच्या मिश्रधातूच्या नाण्यांचा साठा मिळाला. एका बाजूस हत्ती व राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस चार वर्तुळे जोडणारे ‘उज्जैन चिन्ह’. पुळुमावी आणि यज्ञ सातकर्णी ही नावे त्यांवर वाचता आली. चांदीचे नाणे मोठ्या व्यापाराचे. हे हलके नाणे रोजच्या देवघेवीचे. म्हणजे या अरण्यप्रदेशाशीही सातवाहनांच्या चलनाचा संबंध पोहोचला होता.

१९३९ साली त्या वेळच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळे येथे असाच साठा निघाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो अभ्यासिला, तेव्हा पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी हे राजे उजेडात आले. ती नाणी भांड्यासाठी आटविली असती, तर त्या राजांची नावेही मुशीत गेली असती!

आज चंद्रपूर व गडचिरोली अशा दोन जिल्ह्यांत विभागलेल्या या भूमीत नांगराला किंवा घराच्या पायाला पुन्हा एखादे मडके लागेल. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे. पण कायद्याहूनही मोठी गोष्ट ही, की ते काळवंडलेले नाणे घासू नये, वाटून घेऊ नये. आपल्या मुलखाचे एखादे हरवलेले पान त्यावर असू शकते.