गोल्फ मैदानाचे सॉफ्टवेअर निवडताना

गोल्फचे मैदान मुख्यतः वेळ विकते. चौघांचा एक गट पहिल्या टीवरून सुटला की साधारण आठ ते दहा मिनिटांनी पुढचा गट सोडतात. या हिशेबाने सकाळच्या 3 तासांत 18 ते 22 गटच निघू शकतात. साडेसहाची वेळ रिकामी गेली, तर ती संध्याकाळी विकता येत नाही. त्यामुळे या धंद्यातल्या सॉफ्टवेअरचा कणा म्हणजे टी शीट, अर्थात वेळांचा तक्ता. बिलाचे काम त्याला जोडून येते. विक्रेते मात्र डेमोची सुरुवात हटकून बिलाच्या चकचकीत पडद्यापासून करतात.

कोणते सॉफ्टवेअर योग्य, हे मैदान कोणासाठी चालते यावर ठरते. येरवड्याचा पूना गोल्फ क्लब 1885 चा. अशा सभासदांच्या क्लबात रोखीपेक्षा खात्याला महत्त्व असते. सभासद चिठ्ठीवर सही करतो किंवा कार्ड दाखवतो आणि महिनाअखेरीस बिल जाते. पाहुण्याची ग्रीन फी कोणाच्या खात्यावर टाकायची, थकबाकीदाराची वेळ कधी अडवायची, हे सॉफ्टवेअरला सांगता आले पाहिजे. खारघरचे सिडकोचे मैदान सर्वांना खुले आहे; तिथे मोबाईलवरचे आरक्षण आणि आगाऊ पैसे यांना जास्त किंमत. नवा रायपूरच्या फेअरवे गोल्फ अँड लेक रिसॉर्टसारख्या ठिकाणी मुक्काम, जेवण आणि खेळ एका बिलात बसावे लागतात. शिवाय रायपुरातल्या समता कॉलनीतून पहाटे निघणाऱ्या माणसाला मैदानावर पोचल्यावर ‘तुमच्या वेळेवर दुसरेच नाव आहे’ असे ऐकावे लागले, तर तो पुन्हा फिरकणार नाही. फोनवर घेतलेले, ॲपवर घेतलेले आणि काउंटरवर लिहिलेले आरक्षण एकाच तक्त्यात त्याच क्षणी दिसणे, ही पहिली अट.

खरी कसोटी कराची. फेरी संपल्यावर चौघे क्लबहाउसमध्ये बसले. एकाने सँडविच घेतले, दुसऱ्याने बिअर, तिसऱ्याने प्रो शॉपमधून हातमोजा उचलला. खाद्यपदार्थांवर जीएसटी लागतो. पिण्याच्या मद्यावर तो लागत नाही, तिथे राज्याचा व्हॅट येतो. हातमोज्याचा दर वेगळा असू शकतो आणि ग्रीन फी ही तर सेवा. टेबल एक, पण हिशेब तीन-चार तऱ्हांचा. परदेशी सॉफ्टवेअर बहुधा इथेच अडते, कारण एकाच विक्रीकराच्या कल्पनेवर ते बांधलेले असते. दर बदलणेही सोपे हवे. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे जवळजवळ निकालात निघाले, तेव्हा ज्यांना दर बदलायला परदेशातल्या मदतकक्षाची वाट पाहावी लागते, त्यांची काय गत होते याची कल्पना करता येईल. एखादी कंपनी स्पर्धेसाठी अख्खे मैदान घेते, तेव्हा तिला जीएसटी क्रमांकासह बिल लागते. वार्षिक उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइसही काढावे लागते. रोजचा जमाखर्च टॅलीत हाताने पुन्हा भरावा लागत असेल, तर नवे सॉफ्टवेअर आणून काम वाढवल्यासारखेच झाले.

कॅडीचा विषय परदेशी यंत्रणांच्या सहसा ध्यानातही नसतो, कारण तिथे बहुतेक मैदानांवर खेळाडू स्वतःच गाडी ढकलतो किंवा चालवतो. आपल्याकडे कॅडी मास्टर पाळी लावतो, फी बऱ्याचदा रोख दिली जाते आणि आवडत्या कॅडीवरून कुरबुरी होतात. पाळीची नोंद आणि कॅडीची फी यूपीआयने थेट त्याच्या खात्यात जाण्याची सोय असेल, तर निम्मे वाद मिटतील. पावसाचेही तसेच. नवव्या होलवर सर कोसळली, तर उरलेल्या फेरीचे पैसे परत द्यायचे की पुढच्या वेळेची सवलत, हा नियम सॉफ्टवेअरमध्ये आधीच घातलेला असावा. काउंटरवरच्या मुलाच्या मर्जीवर तो सोडू नये. वीज किंवा इंटरनेट गेल्यावर बिल निघते का, हेही विचारावे. हँडिकॅपची जागतिक पद्धत 2020 पासून लागू झाली आहे. स्कोअर तिकडे नीट पोचणे ही सोय चांगली, पण तिच्यासाठी बाकीचे दोष पोटात घालू नयेत.

किंमत विचारताना फुकटाच्या मोहात पडू नये. अमेरिकेत गोल्फनाऊसारख्या कंपन्यांनी सॉफ्टवेअरच्या बदल्यात रोजच्या काही वेळा घेण्याचा प्रघात पाडला; त्या वेळा कंपनी स्वतः विकते, प्रसंगी मैदानाच्या दरापेक्षा स्वस्त. मग मैदानाला स्वतःच्याच मालाशी स्पर्धा करावी लागते. डॉलरमधले मासिक शुल्क, प्रत्येक काउंटरचा वेगळा आकार, पैसे स्वीकारणाऱ्या गेटवेचा कट, जुनी माहिती भरून देण्याचा खर्च, हे सगळे 3 वर्षांचे मिळून मांडावे.

डेमो विक्रेत्याच्या नमुन्यावर पाहू नये. आपल्या मैदानाचा सर्वांत गोंधळाचा रविवार निवडावा: सकाळी स्पर्धा, दुपारी पाऊस, आठ जण न आलेले, दोघांची बिले चुकलेली. तो दिवस कॅडी मास्टर आणि काउंटरवरच्या माणसाकडूनच चालवून घ्यावा, समितीच्या सचिवाकडून नव्हे. आणि करार संपल्यावर सभासदांची यादी, थकबाकी आणि जुनी बिले वाचता येतील अशा फाइलमध्ये परत देऊ, हे विक्रेता लेखी द्यायला तयार नसेल, तर बाकी सगळे पसंत पडले तरी ते सॉफ्टवेअर घेऊ नये.