प्रोग्रॅमिंगच्या विद्यार्थ्यासाठी बजेटमधला लॅपटॉप

प्रोग्रॅमिंग शिकायला महागडा लॅपटॉप लागत नाही. पारखून घेतलेला मात्र लागतो. डिप्लोमा, बीसीए किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातली सी आणि पायथनची प्रात्यक्षिके बहुतेक कोणत्याही धडधाकट संगणकावर होतात. खरा ताण पुढे वेबसाइट, मोबाइल ॲप, डेटाबेस असे विषय सुरू झाल्यावर येतो. बहुतेक घरांत तोच लॅपटॉप शिक्षण संपेपर्यंत पुरवायचा असतो. म्हणून निवड करताना शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट डोळ्यांपुढे ठेवावा आणि मोजके पैसे आधी कुठे घालायचे हे ठरवून मगच दुकानात जावे.

पहिला मान रॅमचा. वेब प्रोजेक्ट करताना कोड एडिटर, दहा-बारा टॅब उघडलेला ब्राउझर, लोकल सर्व्हर आणि मायएसक्यूएलसारखा डेटाबेस हे सगळे एकाच वेळी चालू असते आणि प्रत्येकाला रॅममध्ये जागा हवी असते. रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टिम काही माहिती डिस्कवर हलवते. डिस्क रॅमपेक्षा खूपच संथ असल्यामुळे लॅपटॉप जागोजागी अडखळू लागतो. अँड्रॉइड स्टुडिओसाठी गूगलने किमान ८ जीबी, तर सोबत एम्युलेटर चालवायचा असल्यास १६ जीबी रॅम सुचवली आहे. त्यामुळे १६ जीबी परवडत असेल तर उत्तम. परवडत नसेल तर ८ जीबीचा असा लॅपटॉप घ्यावा, ज्यात पुढे रॅम वाढवता येईल.

ही सोय आहे की नाही, हे खोक्यावर सहसा लिहिलेले नसते. अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. ती नंतर बदलता येत नाही. दुकानातल्या चालू लॅपटॉपवर विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ विभागात ‘मेमरी’वर क्लिक केले की एकूण किती स्लॉट आहेत आणि त्यांतले किती भरले आहेत, हे बहुधा दिसते. तरीही कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलची माहिती ताडून पाहावी.

साठवणीसाठी एसएसडी हवीच. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर विंडोज सुरू व्हायलाच बराच वेळ जातो. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये एसएसडीऐवजी ईएमएमसी असते. तिचा वेग कमी असतो आणि ती बोर्डलाच जोडलेली असते, म्हणून ती टाळावी. २५६ जीबीत काम भागते, पण अँड्रॉइड स्टुडिओ, व्हर्च्युअल मशिन असे एकेक बसवत गेले की जागा अपुरी पडते. ५१२ जीबी असल्यास निर्धास्त राहता येते.

प्रोसेसर निवडताना सर्वांत जास्त फसगत होते ती नावामुळे. ‘आय५’ म्हणजे ‘आय३’पेक्षा सरस, ही समजूत एकाच पिढीतल्या प्रोसेसरपुरतीच बहुतांशी खरी असते. इंटेलच्या १२व्या पिढीतल्या कोअर आय३-१२१५यू मध्ये सहा कोअर आहेत, तर ८व्या पिढीतल्या कोअर आय५-८२५०यू मध्ये चार. वेगातही नवा आय३च पुढे आहे. एएमडीचे रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू हे दोन प्रोसेसर एका आकड्याच्या फरकामुळे जुळे वाटतात. प्रत्यक्षात पहिल्यात जुन्या झेन २ रचनेचे चार कोअर आहेत, दुसऱ्यात झेन ३ रचनेचे सहा. म्हणून ‘रायझन ५ आहे’ एवढ्यावर समाधान न मानता पूर्ण क्रमांक वाचावा.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड ही बहुतेक विद्यार्थ्यांची गरज नसते. कोड लिहिणे आणि कंपाइल करणे हे काम प्रोसेसर आणि रॅम यांचे आहे. मशीन लर्निंगच्या सरावासाठी गूगल कोलॅबवर मर्यादित प्रमाणात जीपीयू मोफत वापरता येतो. गेम बनवायचे किंवा त्रिमितीय काम करायचे असेल, तरच या कार्डावर खर्च करावा.

त्याऐवजी ते पैसे स्क्रीनकडे वळवावेत. १९२० × १०८० रिझोल्यूशनच्या आयपीएस स्क्रीनवर १३६६ × ७६८ पेक्षा कोडच्या बऱ्याच जास्त ओळी एका नजरेत येतात आणि बाजूने पाहिले तरी रंग फिके पडत नाहीत. कीबोर्डवर रोज तासन्‌तास बोटे चालणार असतात, म्हणून चार ओळी टाइप करून पाहिल्याशिवाय खरेदी करू नये.

बजेट फारच कमी असेल, तर कंपन्यांनी वापरून काढलेले थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड मालिकेतले रिफर्बिश्ड लॅपटॉप हा चांगला मार्ग आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलचा ८व्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना लॅपटॉप स्वस्त मिळाला, तरी त्यावर उबुंटूसारखे मोफत लिनक्स वापरायची तयारी असेल तरच घ्यावा. बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दाखवणारा अहवाल विंडोजमध्येच काढता येतो. तो विक्रेत्यासमोर काढून पाहावा. पक्के बिल आणि लेखी वॉरंटी नसेल, तर व्यवहार करू नये.

थोडक्यात, आधी १६ जीबी रॅम किंवा ती वाढवायची सोय, मग एसएसडी, मग अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर आणि चांगली स्क्रीन, या क्रमाने पैसे घालावेत. एवढे जमले, की वरची रक्कम महागड्या मॉडेलवर घालण्यापेक्षा पुढच्या फीसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.