सालवडचे लहान कारखाने आणि स्वयंचलनाचा पाया

बोईसर स्थानकात पहिल्या पाळीच्या कामगारांबरोबर उतरून पश्चिमेची वाट धरली, म्हणजे थोड्याच वेळात सालवडच्या शिवेला भिडलेली तारापूर औद्योगिक वसाहत लागते. आणि ज्या किनाऱ्यावर १९६९ साली देशातील पहिले अणुवीजकेंद्र चालू झाले, त्याच्याच शेजारी औषधांची व रंगांची रसायने करणारे कित्येक लहान कारखाने अजून अनुभवी ऑपरेटरच्या नजरेवर आणि हाताच्या अंदाजावर विसंबून आहेत, हे पाहून मन विचारात पडते.

या कारखान्यांतील पुष्कळसे काम बॅचचे. आतून काचेचा मुलामा दिलेल्या पोलादी रिअ‍ॅक्टरभोवती जॅकेट असते. त्यात आरंभी वाफ सोडून माल तापवावयाचा, आणि प्रक्रिया पेटल्यावर वाफ तोडून थंड पाणी किंवा ब्राइन फिरवावयाचे. स्थूल मानाने तपमान दहा अंशांनी वाढले की प्रक्रियेचा वेग दुपटीच्या आसपास जातो, परंतु जॅकेट जी उष्णता ओढून घेते ती केवळ तपमानांतील अंतराच्या प्रमाणात वाढते. त्यातच भांडे मोठे केले, तर आतील मालाच्या मानाने थंड होणारा पृष्ठभाग कमी पडतो. म्हणून दुसरे रसायन थेंबाथेंबाने सोडीत असता वेळीच व्हॉल्व्ह आवळणारा हात हाच पुष्कळ ठिकाणी कारखान्याचा खरा बंदोबस्त ठरला आहे. त्या हाताविषयी मला नितांत आदर आहे. पण तिसऱ्या पाळीच्या उत्तररात्री, एका माणसावर तीन रिअ‍ॅक्टर सोपवलेले असताना, एवढी जोखीम त्याच्या एकट्याच्या जाग्रणावर टाकणे न्याय्य नव्हे.

सुधारणा म्हटली की मालकाच्या डोळ्यांपुढे प्रथम रंगीत पडदा उभा राहतो. माझ्या मते आरंभ मापनापासून व्हावा. शून्य अंशाला शंभर ओहम रोध दाखविणारी प्लॅटिनमची तार तपमान ओळखते आणि ट्रान्समीटर ते ४ ते २० मिलिअँपिअरच्या प्रवाहात रूपांतरित करतो. मोजणीचा प्रारंभ शून्याऐवजी चारापासून करण्यात मोठे शहाणपण आहे : ट्रान्समीटरकडून येणारी विजेची तार तुटली की प्रवाह शून्यावर येतो, आणि ‘माल थंड आहे’ व ‘मला काहीच कळत नाही’ या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी यंत्राला निराळ्या सांगता येतात. मात्र प्लॅटिनमची तार थर्मोवेलच्या, म्हणजे मालात उतरविलेल्या संरक्षक नळीच्या, तळाला नीट टेकलेली नसेल, तर मधल्या हवेमुळे खरे तपमान उशिरा कळते, आणि तेवढ्या अवधीत प्रक्रिया हाताबाहेर जाऊ शकते.

व्हॉल्व्हचेही तसेच. व्हॉल्व्ह चालविणाऱ्या हवेचा दाब गेला असता वाफेचा व्हॉल्व्ह स्प्रिंगने मिटला पाहिजे आणि थंड पाण्याचा उघडला पाहिजे. ही तजवीज खरेदीच्या वेळीच करावी लागते.

त्यानंतर पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. १९६८-६९ च्या सुमारास अमेरिकेत, मोटारींच्या कारखान्यांतील रिलेंची जंजाळे हटविण्यासाठी, डिक मॉर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे यंत्र घडविले, आणि त्याची लॅडर भाषा रिलेच्या नकाशांसारखीच ठेविली, म्हणून कारखान्याच्या वायरमनलाही ती आत्मसात करता येते. पण रोजचे नियंत्रण व अखेरचा इंटरलॉक एकाच पीएलसीच्या स्वाधीन करण्याची काटकसर मला मान्य नाही. तपमानाची मर्यादा ओलांडताच वाफ आणि रसायन दोन्ही तोडणारा मार्ग स्वतंत्र सेन्सरवर व स्वतंत्र रिलेवर उभा असावा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली अतिप्रदूषक म्हणून ठरविलेल्या १७ वर्गांच्या उद्योगांना सांडपाण्याचे व धुराचे सतत मापन करण्याचा हुकूम दिला. गटाराच्या तोंडाशी मीटर यावा आणि जेथे ते सांडपाणी जन्म घेते त्या रिअ‍ॅक्टरवर मात्र काट्याची जुनी तबकडीच राहावी, हा क्रम उलटा आहे. कारण बिघडलेली बॅच अखेर त्याच गटारात येते.

राहता राहिले दफ्तर. उत्पादन अडते म्हणून इंटरलॉक बायपास करण्याचा प्रसंग येतोच; तेव्हा तो कोणी, कोणत्या कारणाने, किती मुदतीसाठी केला आणि पूर्ववत कोणी केला, याची सहीनिशी नोंद पाळीच्या वहीत हवी, आणि पाळी बदलताना ती नव्या ऑपरेटरला, त्याला समजेल अशा मराठीत किंवा हिंदीत, रिअ‍ॅक्टरपाशी उभे राहून वाचून दाखविली पाहिजे.