'मरली' की 'मेली'?

शेजारची साडेतीन वर्षांची मुलगी परवा सकाळी धावत आली आणि म्हणाली, "आजी, अंगणात चिमणी मरली." आजींनी तत्परतेने व्याकरण सुधारले, "मरली नव्हे गं, मेली म्हणावं." मुलीने डोळे विस्फारले. आदल्याच दिवशी बाहुलीला 'मेली कुठली' म्हटल्याबद्दल तिला बोलणी बसली होती. (ते शब्द तिने आजींच्याच तोंडून उचलले होते, हे सांगावयास नकोच.) ती गंभीरपणे म्हणाली, "चिमणीला शिव्या नाही द्यायच्या."

सर्वजण हसले. पण त्या 'मरली'मागे केवढे बुद्धिकौशल्य आहे! 'पडली', 'बसली' हे शब्द ऐकून, धातूला 'ली' जोडली की गोष्ट होऊन गेलेली असते, हा नियम तिने कोणी न शिकविता शोधून काढला. 'करलं', 'घेलं', 'जाला' ही तिची रूपेही त्याच टांकसाळीतली. तिच्या घरात 'करलं' कोणीच म्हणत नाही. तेव्हा याला अनुकरण कसे म्हणावे? अमेरिकेत जीन बर्को या विदुषींनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव 'वग' असल्याचे सांगितले आणि असे दोन असतील तर काय म्हणाल, असे विचारले. कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचे अनेकवचन बहुतेक मुलांनी बिनचूक केले. रशियन कवी कर्नेई चुकोव्स्की यांनी तर दोन ते पाच वर्षांच्या मुलांचे बोल टिपून त्यांवर एक ग्रंथच सिद्ध केला. आपल्या घरांत मात्र अशी वाक्ये पाहुण्यांपुढे एकदा म्हणवून घेतली जातात आणि मग विसरली जातात.

आणि मोठी माणसे तरी कोठे सरळ बोलतात? नारळ फोडतो आपण, पण म्हणतो 'वाढविला'. बांगडी फुटली तरी ती 'वाढविली'. घराबाहेर पडताना 'जातो' म्हणावयाचे नाही, 'येतो' म्हणावयाचे. माणूस गेला की 'देवाज्ञा झाली'. म्हणजे 'मेली' हा शब्द त्या मुलीप्रमाणे आपणही टाळतोच. आमच्या तीर्थरूपांनी उभ्या हयातीत 'तुझी आठवण येते' असे कधी लिहिले नाही. त्यांच्या कार्डावर असे, 'येथील सर्व क्षेम. दारच्या आंब्यास यंदा मोहोर बरा आहे. रजा मिळाल्यास पाहून जावे.' आंबा पाहण्यासाठी कोण रजा काढतो! पण आम्ही काढीत असू, आणि घरी पोहोचल्यावर आंब्याविषयी अवाक्षर निघत नसे.

मोठ्यांचे हे आडवळण आपण समजून घेतो. मुलांच्या बाबतीत मात्र हाती लाल पेन्सिल येते. ती मीही पुष्कळ वर्षे चालविली आहे, म्हणून हे लिहितो. चौथीच्या वर्गात 'माझे कुटुंब' या विषयावर निबंध होता. एका मुलाचे वडील गिरणीत रात्रपाळीला असत. मुलगा शाळेस निघे तेव्हा ते झोपलेले असत आणि तो खेळून परते तोवर कामावर निघून गेलेले असत. त्याने लिहिले होते, 'मला एक बहीण आहे. मला आई आहे. मला बाबा रविवारी असतात.'

शेवटच्या वाक्याखाली मी रेघ ओढली आणि समासात शुद्ध रूप लिहिले, 'माझे बाबा रविवारी घरी असतात.' अर्धा गुणही कापला. वास्तविक 'मला बहीण आहे' हे चालते, तर त्याच नियमाने त्याचे वाक्य चुकले कोठे? पण तेव्हा वह्यांचा ढीग मोठा होता. दुसऱ्या दिवशी त्याने माझे वाक्य वळणदार अक्षरात पाच वेळा लिहून आणले. मी खाली सही केली.