सहा नंबरची जर्सी

गोल करणाऱ्याला सारे खांद्यावर घेतात. गोल अडवणाऱ्याची आठवण आपण कितीदा काढतो? म्हणून आज आम्ही इटलीच्या फ्रँको बारेसीबद्दल लिहीत आहोत.

इंटर क्लबने त्याच्या थोरल्या भावाला ठेवून घेतले, फ्रँकोला मात्र अंगाने किरकोळ म्हणून परत पाठवले. तो त्याच शहरातल्या ए. सी. मिलानकडे गेला आणि १९७७ ते १९९७ तिथेच खेळला. क्लब दोनदा दुसऱ्या श्रेणीत घसरला, त्यातला एकदा तर सामन्यांवरच्या सट्ट्याच्या भानगडीपायी. पण गड्याने क्लब सोडला नाही.

१९९४ चा विश्वचषक अमेरिकेत झाला. २३ जूनला नॉर्वेविरुद्ध त्याचा गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली. आणि १७ जुलैला, पासाडेनाच्या रणरणत्या उन्हात, हा ३४ वर्षांचा कप्तान अंतिम सामन्याला हजर! १२० मिनिटे ब्राझीलला एकही गोल करता आला नाही. मग पेनल्टी. लोकांच्या ध्यानात राहिली ती बॅजियोची शेवटची चुकलेली किक. पहिली बारेसीने मारली होती, तीही आडव्या दांड्यावरून गेली. सामना संपल्यावर तो ढसाढसा रडला. आमच्या मते त्या दिवशी त्याच्याइतका चांगला खेळ कोणाचाच झाला नव्हता.

तो निवृत्त झाल्यावर मिलानने सहा नंबरची जर्सी पुन्हा कोणाला दिली नाही.