डिस्कवरचे जुने शिक्के

दोन वर्षांपूर्वी गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात मी नवा संगणक घेतला आणि जुन्या संगणकाची हार्ड डिस्क त्याला जोडली. डिस्क उघडेना. त्या १ टेराबाइटच्या डिस्कवर माझी अकरा वर्षांची कमाई होती. वाई, सातारा, फलटण या भागांतल्या घरांमधून पाहायला मिळालेल्या मोडी कागदांची छायाचित्रे तिच्यात होती. त्यांतले काही रुमाल नंतर वाळवीने खाल्ले, काही वाटण्यांमध्ये कुठे गेले ते घरच्यांनाही ठाऊक नाही. त्या कागदांची आता एवढीच प्रत उरली होती. दुसरी प्रत काढायची हे मला कळत होते, पण पुढच्या महिन्यात करू म्हणत वर्षे गेली.

लिनक्सवर डिस्कचे भाग पाडण्यासाठी जीपार्टेड नावाचे साधन आहे. ते उघडले, तर सबंध डिस्क एका चौकटीसारखी दिसली. पार्टिशनचा तक्ता नाही, एक्स्ट-४ नाही. फक्त ‘लिनक्स-रेड’ असे लिहिलेले. घाबरून मी डिस्क घेऊन दुकान गाठले. तिथल्या मुलाने दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाला, “काका, यात काहीच दिसत नाहीये. फॉरमॅट मारून देऊ का? डिस्क चांगली आहे.”

मी ‘नको’ म्हणालो. मला काही कळत होते म्हणून नव्हे. हात थरथरत होता म्हणून. त्या ‘नको’मुळे छायाचित्रे वाचली. मी शिकलो वाणिज्य शाखेत, नोकरी केली पतपेढीत. मोडी आणि लिनक्स या दोन्ही गोष्टी पुस्तके उघडून, चुका करत शिकलो. पुढचे तीन आठवडे मी एकच प्रश्न घेऊन बसलो : डिस्कवर काय आहे हे या साधनांना कळते तरी कसे?

ओळख कशी पटते?

पहिली गोष्ट समजली ती अशी की साधनांना डिस्कवरचे ‘कळत’ नाही, ती फक्त ओळखतात. आणि ओळखतात ती अगदी थोड्या बाइटांवरून.

प्रत्येक फाइल सिस्टिम आपल्या जागेत ठरलेल्या ठिकाणी एक ठरलेली खूण ठेवते. एक्स्ट-२, ३ आणि ४ यांची खूण पार्टिशनच्या सुरुवातीपासून १,०८० बाइटांवर असते आणि ती केवळ दोन बाइटांची आहे. विंडोजच्या एनटीएफएसचे नाव पहिल्या सेक्टरमध्ये, तीन बाइट सोडून लिहिलेले असते. एक्सएफएसची चार अक्षरे अगदी आरंभी असतात. बीटीआरएफएसची खूण ६४ किलोबाइटांच्या पुढे असते. सीडीच्या प्रतिमेची पाच अक्षरे ३२,७६९व्या बाइटापासून सुरू होतात. ओळखणारे साधन या ठिकाणांवर जाऊन पाहते, आसपासचे काही आकडे जुळतात का ते तपासते आणि निकाल देते. लिनक्सवर हे काम प्रामुख्याने ‘ब्लकआयडी’ या आज्ञेमागचे ग्रंथालय करते. जीपार्टेड त्याचा आणि ‘लिबपार्टेड’चा आधार घेते.

मोडी वाचणाऱ्याला हे ओळखीचे वाटेल. जुन्या राजपत्रांवर वर शिक्का आणि शेवटी मोर्तब असे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण त्यावरूनच वापरतो. डिस्कवरही तसेच आहे. बहुतेक फाइल सिस्टिमांच्या खुणा सुरुवातीला असतात, पण काही खुणा शेवटी असतात. जीपीटी या पार्टिशन तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या सेक्टरला संपते. झेडएफएस आपल्या चार पाट्यांपैकी दोन आरंभी आणि दोन अखेरीस ठेवते. लिनक्सच्या जुन्या पद्धतीच्या रेडची खूणही अखेरीजवळ असते. दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवणे हा रेडचा एक साधा प्रकार.

आता अडचण इथे आहे. डिस्क नव्याने फॉरमॅट करताना सगळी डिस्क पुसली जात नाही. नवी फाइल सिस्टिम आपल्याला लागतील तेवढ्याच जागा लिहिते. तिच्या वाटेत न आलेला जुना शिक्का तसाच राहतो. मालक बदलतो, शिक्का उरतो.

माझ्या डिस्कवरचा मोर्तब

माझी डिस्क एका कार्यालयाच्या मोडीत निघालेल्या सर्व्हरमधून मला मिळाली होती. तिथे ती दुसऱ्या एका डिस्कबरोबर रेडमध्ये होती. मी तिच्यावर नवा तक्ता आणि एकच मोठे पार्टिशन केले, एक्स्ट-४ घातली आणि विसरून गेलो. जुन्या संगणकावर रेडची साधने नव्हती, तेव्हाच्या आवृत्त्यांनी तक्रार केली नाही. नव्या संगणकावर ती साधने होती.

हिशोब मांडून पाहिला. या डिस्कमध्ये १,९५,३५,२५,१६८ सेक्टर आहेत, प्रत्येक ५१२ बाइटांचा. पार्टिशन पूर्ण मेबीबाइटच्या, म्हणजे २,०४८ सेक्टरांच्या, हद्दीवर संपते. डिस्क त्या पटीत बसत नाही, म्हणून शेवटी १,४५६ सेक्टर, म्हणजे ७२८ किलोबाइट, कोणाच्याच मालकीचे नसतात. जुन्या ०.९० पद्धतीच्या रेडची खूण ठेवण्याचा नियम असा : डिस्कची लांबी ६४ किलोबाइटच्या पटीत खाली आणा आणि तिथून आणखी ६४ किलोबाइट मागे या. माझ्या डिस्कवर ती जागा येते शेवटापासून ८८ किलोबाइटांवर. म्हणजे बरोबर त्या बेवारस पट्टीत. नवा तक्ता तिथे पोहोचला नाही, एक्स्ट-४ही नाही.

नव्या संगणकाने डिस्क जोडताच तो मोर्तब पाहिला, ‘ही रेडमधली आहे’ असे ठरवले आणि सगळी डिस्क एका अपुऱ्या रेडच्या नावे धरून ठेवली. तिची जोडीदार डिस्क तर केव्हाच भंगारात गेलेली. सबंध डिस्कवर अशी खूण सापडली की जीपार्टेड आतला पार्टिशनचा तक्ता दाखवतच नाही. म्हणून ती एक चौकट. छायाचित्रे आत जागच्या जागी होती. एक बाइटही हललेला नव्हता.

हीच चूक, वेगवेगळ्या वेषांत

नंतर ओळखीच्यांच्या डिस्क पाहताना हेच दुखणे वारंवार दिसले. सर्वांत जास्त आढळते ते पेनड्राइव्हवर. लिनक्स बसवण्यासाठी त्यावर सीडीची प्रतिमा जशीच्या तशी उतरवतात. पुढे त्यावर पार्टिशन केले, तर पहिले पार्टिशन १ मेबीबाइटपासून सुरू होते आणि ३२,७६९व्या बाइटावरची सीडीची खूण त्याच्या अलीकडे सुखरूप राहू शकते. मग जीपार्टेड सगळा पेनड्राइव्ह ‘आयएसओ ९६६०’ म्हणून दाखवते.

दुसरा वेष म्हणजे एकाच पार्टिशनवर दोन खुणा. अशा वेळी ब्लकआयडी खोलवर तपासायला सांगितले असता एकही नाव न देता ‘निकाल द्विधा आहे’ एवढेच कळवते; त्यासाठी तिचा ८ हा वेगळा सांकेतिक आकडाही आहे. मला हा तिचा प्रामाणिकपणा वाटतो. चुकीचे नाव सांगण्यापेक्षा न सांगणे बरे.

तिसऱ्यात शिक्क्याचा दोष नसतोच. फाइल सिस्टिम ओळखली जाते, पण तिची साधने संगणकावर नसल्याने किती जागा वापरली हे कळत नाही. जीपार्टेडमध्ये कोणत्या फाइल सिस्टिमला कोणते काम जमते याचा तक्ता पाहता येतो. आवश्यक ते पॅकेज बसवले की काम होते.

चौथा प्रकार खऱ्या नुकसानीचा : खरा शिक्काच बिघडलेला. तिथेही आशा असते. एक्स्ट-४ आपल्या मुख्य नोंदीच्या प्रती पुढे ठेवते; ४ किलोबाइटचे ब्लॉक असतील तर पहिली प्रत ३२,७६८व्या ब्लॉकवर असते. एनटीएफएसच्या पहिल्या सेक्टरची प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरवर आणि फॅट-३२ची बहुधा सहाव्या सेक्टरवर सापडते.

जीपार्टेड ‘अनोळखी’ म्हणते तेव्हा ते स्वतःच शक्यता सांगते : फाइल सिस्टिम बिघडली असेल, ती जीपार्टेडला माहीत नसेल, ती मुळात नसेलच, किंवा त्या उपकरणाची नोंदच नसेल. या चारांपैकी एकच ‘रिकामी’ आहे. आपण मात्र पहिल्या धसक्यात तीच खरी धरतो.

दुरुस्तीचा क्रम

मी जे केले ते क्रमाने सांगतो. प्रत्येक पायरीत एकच तत्त्व आहे : आधी वाचायचे, लिहायचे सर्वांत शेवटी.

सुरुवातीला डिस्क यंत्र म्हणून ठणठणीत आहे का ते कर्नलच्या नोंदीत पाहावे. वाचनाच्या चुका येत असतील तर पुढचे सगळे सोडून ‘डीडीरेस्क्यू’ने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण नक्कल घ्यावी आणि काम नकलेवरच करावे.

मग तीन साक्षी घ्याव्यात. ‘एलएसबीएलके’ सांगते की कर्नलला कोणती पार्टिशने दिसतात; माझ्या डिस्कचे पार्टिशन तिथे होते, ही पहिली शुभवार्ता. ब्लकआयडी खोल तपासणीच्या पर्यायासह चालवावी, म्हणजे ती जुन्या साठवलेल्या उत्तरावर विसंबत नाही. तिसरी साक्ष ‘वाइपएफएस’ची. नाव पुसण्याचे असले तरी कोणताही पर्याय न देता चालवली तर ती काही पुसत नाही. सापडलेल्या सगळ्या खुणा आणि त्यांच्या जागा यांची यादी देते.

माझ्या यादीत दोन ओळी होत्या : अखेरीजवळची रेडची खूण आणि पहिल्या सेक्टरमधली पार्टिशन तक्त्याची खूण. इथे एक धोका लक्षात ठेवा. याच आज्ञेला ‘सगळे’ हा पर्याय दिला असता, तर जुन्या मोर्तबाबरोबर माझ्या तक्त्याची खूणही गेली असती.

त्यानंतर ‘एमडीएडीएम’ने ती अपुरी रेड थांबवली, डिस्क मोकळी झाली, आणि पार्टिशन फक्त वाचनासाठी जोडले. एक बारकावा : एक्स्ट-४ वाचनासाठी जोडली तरी आपले अर्धवट राहिलेले जर्नल पुरे करू शकते, म्हणजे डिस्कवर लिहू शकते. ते टाळायला ‘नोलोड’ हा पर्याय द्यावा लागतो. फोल्डर उघडले. पहिले चित्र एका इनामाच्या कागदाचे होते, कडेला घरमालकिणीचा बोट धरलेला हात. त्या आजी आता नाहीत.

आधी सगळी छायाचित्रे दोन वेगळ्या डिस्कवर उतरवली. पार्टिशन सोडवले. मगच वाइपएफएसला फक्त रेडच्या खुणेची जागा देऊन, पुसलेल्या बाइटांची प्रत ठेवण्याच्या पर्यायासह, आधी कोरडी चाचणी घेतली आणि नंतर ती एक खूण पुसली. चूक झालीच असती तर ते बाइट परत जागेवर लिहिता आले असते. जीपार्टेड पुन्हा उघडले, तर तक्ताही होता, पार्टिशनही होते आणि एक्स्ट-४ही. पुसले होते फक्त चार बाइट.

मोडी शिकताना माझ्या गुरुजींनी एक शिस्त लावली होती : शिक्का पाहा, पण केवळ शिक्क्यावरून कागद खरा की खोटा ठरवू नका, मजकूर, हात, कागद सगळे पाहा. डिस्कच्या बाबतीत मी ती विसरलो होतो. त्या दुकानातल्या मुलाचा राग मला कधी आला नाही. त्याने पडद्यावर दिसले तेच सांगितले, आणि पडद्यावर दिसला तो एका मेलेल्या रेडचा मोर्तब.

गेल्या महिन्यात तो दुकानातच भेटला. दुसऱ्या कोणाची तरी डिस्क त्याच्यासमोर होती. मला पाहून म्हणाला, “काका, ‘अननोन’ दाखवतेय. आधी यादी काढतो.”