चेंडू बाहेर गेला होता का?

१ डिसेंबर २०२२. कतारमधल्या विश्वचषकात जपान आणि स्पेन १-१ असे बरोबरीत होते. गोलरेषेपलीकडे निसटू पाहणारा चेंडू काओरू मितोमाने कसाबसा आत वळवला आणि आओ तानाकाने तो जाळ्यात ढकलला. टीव्हीवर चेंडू बाहेर गेल्यासारखाच दिसत होता. व्हिडिओ तपासणीनंतर मात्र गोल कायम राहिला, आणि तो निर्णय बरोबरच होता.

संपूर्ण चेंडूने संपूर्ण रेषा ओलांडली तरच तो बाहेर, असा नियम आहे. चेंडू जिथे जमिनीला टेकतो, त्या बिंदूपेक्षा त्याचा फुगवटा बराच पुढे आलेला असतो. त्यामुळे टेकलेला भाग रेषेपलीकडे असला, तरी वरून पाहिल्यावर चेंडूची कड रेषेवरच सापडू शकते. तिरक्या कोनातून हे कळणं अशक्य; कॅमेरा रेषेच्या अगदी सरळीतच हवा.

जपान २-१ असा जिंकला. चेंडू तर ८० टक्क्यांहून अधिक वेळ स्पेनकडे होता! तरीही जपानला केवळ नशीबवान म्हणणं मला मुळीच पटत नाही. याच संघाने त्याआधी जर्मनीलाही २-१ असंच हरवलं होतं. दबा धरून कधी बसायचं आणि तुटून कधी पडायचं, हे त्या अकरा जणांना एकाच क्षणी उमगत होतं. स्पेनविरुद्धचे दोन्ही गोल मध्यंतरानंतरच्या पहिल्या सहा-सात मिनिटांतले आहेत.